जाळीला करडा रंग कळत नाही

श्रावण लागला की आमच्या फोनवर फाइली पडायला सुरुवात होते. आधी गणपती मंडळं आणि ढोलताशा पथकं, दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या क्रिकेट टूर्नामेंट, थंडीत कबड्डी, आणि वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला परत एकदा सगळी मंडळं. बेळगाव म्हणा, खानापूर म्हणा, निपाणी म्हणा, टी-शर्ट छपाईचा सीझन आमच्याकडं सणावारावरच चालतो. मी वडगावात स्क्रीन प्रिंटिंग करतो, फाइलीपण स्वतःच सेट करतो, आणि हे लिहितोय ते मंडळातल्या त्या पोरापोरींसाठी, जे रात्री कामावरनं आल्यावर लॅपटॉप उघडून मनापासून डिझाइन करत बसतात. त्यांनी जे केलंय ते अंगावर तसंच उतरलं पाहिजे असं मला फार वाटतं. यूट्यूबवर ह्या विषयाचे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण मी बघितलेले जवळजवळ सगळे इंग्रजी अक्षरं धरून केलेले, आणि आपल्या अक्षराला शिरोरेषा आहे, वर रफार आणि मात्रा आहेत, खाली उकार आहेत, पोटात गाठी आहेत, ह्याचं काय करायचं ते त्यात येत नाही. आणि आमच्याकडं काम अडतं ते तिथंच.

आधी जाळीचं थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. फ्रेमवर पॉलिएस्टरची जाळी ताणलेली असते, तिच्यावर इमल्शनचा थर देऊन अंधारात वाळवायचा, मग त्यावर पॉझिटिव्ह ठेवून लाइट द्यायचा. पॉझिटिव्ह म्हणजे ट्रेसिंग पेपरवर किंवा फिल्मवर काळ्या रंगात काढलेली तुमची प्रिंट. जिथं लाइट पोचला तिथलं इमल्शन कडक होतं, जिथं काळ्यानं लाइट अडवला तिथलं मऊ राहतं आणि पाण्यानं धुऊन जातं, आणि त्याच उघड्या जागेतनं शाई कापडावर उतरते. म्हणजे जाळीच्या लेखी दोनच गोष्टी, इथं शाई पडणार किंवा इथं शाई पडणार नाही. करडा, फिकट, जरासा पारदर्शक, मागं हलकी सावली, असलं काही तिला कळत नाही. तुमच्या फाइलमध्ये कुठंही बोट ठेवलं तरी ह्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे. ज्या जागेचं उत्तर तुम्हाला देता येत नाही ती जागा मला अंदाजानं ठरवावी लागते, आणि माझा अंदाज म्हणजे तुमचं डिझाइन नव्हे.

साइझपासून सुरुवात करू. मोठ्या माणसाच्या टी-शर्टवर पाठीवर किंवा पुढं ११ ते १२ इंच रुंदीची छपाई येते, छातीवर डावीकडं लोगो असेल तर साडेतीन इंच. चित्र फोटोशॉपमध्ये करत असाल तर पेज पहिल्यापासून खऱ्या साइझचं घ्या आणि रेझोल्यूशन ३०० ठेवा, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, १२ इंचाला ३६०० पिक्सेल झाले. आता व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे ३०० नं भागलं तर सव्वापाच इंच. त्यालाच ओढून बारा इंच केलं की कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि जेपीजी दाबल्यामुळं अक्षरांच्या भोवती जी बारीक घाण तयार होते तीपण मोठी होते, स्क्रीनवर ती फिकट दिसते म्हणून कुणाचं लक्ष जात नाही पण काळं-पांढरं करताना ती ठिपके होऊन उभी राहते. तेव्हा पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मेलवर टाका. आणि आधीच दाबलेल्या फोटोचं रेझोल्यूशन ७२ चं ३०० करून काही होत नाही, आकडा बदलतो, चित्र तेच राहतं.

लोगो आणि अक्षरांचं काम मात्र व्हेक्टरमध्येच करा, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांनी बनलेल्या आकारात, कितीही मोठं केलं तरी कडा फुटत नाहीत. कोरल असो, इलस्ट्रेटर असो, पैसे घालायचे नसतील तर इंकस्केप फुकट आहे आणि चांगलं आहे. मंडळाचा जुना लोगो फक्त पावतीपुस्तकावर उरलाय अशी परिस्थिती आमच्याकडं खूप मंडळांची. अशा वेळी पोरं म्हणतात, “दादा, ह्याच्यावरनंच ट्रेस करून घ्या की”. ऑटो ट्रेस इंग्रजी अक्षराला कधीकधी चालून जातो, मराठीला तो अक्षराचे कोपरे गोल करतो, शिरोरेषा लाटेसारखी वरखाली करतो, आणि अनुस्वाराचा टिंब बटाट्याच्या आकाराचा करून ठेवतो. पावतीपुस्तक चांगल्या स्कॅनरवर ६०० वर स्कॅन करा, खाली ठेवा, आणि वरनं पेन टूलनं हातानं काढा. एक संध्याकाळ जाईल, पण तो लोगो मग वर्षानुवर्षं मंडळाचा झाला, बॅनरला, टी-शर्टला, ढालीला सगळीकडं तोच चालेल.

आता अक्षरं. इथं जरा थांबून सांगतो.

पहिली गोष्ट, टाइप करतानाच तपासा. फोटोशॉपमध्ये टाइप प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई भाषांचं टेक्स्ट इंजिन किंवा पॅराग्राफमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटून पायमोडकी दिसतात. ‘सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत’ अशी ओळ एका पथकाला पाठीवर पाहिजे होती, ती टाइप करून बघा एकदा, त्यात अर्धा ह आहे, द्री आहे, अर्धा च आहे, दोनदा अर्धचंद्रासारखा ऱ्य आहे आणि शेवटी अनुस्वार. कुठल्याही नवीन फॉन्टची परीक्षा मी ह्याच ओळीवर घेतो. जुन्या फॉन्टमध्ये तो ऱ्य नसतोच आणि रफार देऊन ‘दर्या’ करून टाकतात, म्हणजे डोंगराची दरी जाऊन समुद्र आला. तसंच ल आणि श. मराठी वळणाचा ल आणि श वेगळा आणि हिंदी वळणाचा वेगळा, आणि बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाचा येतो. फॉन्टमध्ये मराठी रूप असेल तर भाषा मराठी निवडल्यावर किंवा ग्लिफ पॅनेलमधनं ते मिळतं. लोक म्हणतील कोण बघतंय एवढं, पण सीमाभागात आपण मराठी अक्षर छातीवर घालून फिरतो ते हौसेनं आणि अभिमानानं फिरतो, मग ते अक्षर आपल्या वळणाचं असायला काय हरकत आहे.

दुसरी गोष्ट, फॉन्ट माझ्याकडं असेलच असं धरू नका. श्रीलिपी, कृतिदेव असले जुने फॉन्ट युनिकोड नसतात, तो फॉन्ट माझ्या मशीनवर नसला की मला नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून पाठवायच्या फाइलमध्ये सगळं टेक्स्ट कर्व्हमध्ये करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका, कोरलमध्ये कंट्रोल क्यू. पण त्याच्याआधी टेक्स्ट असलेली एक कॉपी स्वतःकडं ठेवा, शेवटच्या दिवशी कार्याध्यक्षांचं नाव बदलतंच.

आणि कर्व्ह केल्यानंतरची तिसरी गोष्ट, हीच सगळ्यात जास्त वेळा येते. आपली अक्षरं कर्व्ह केली की प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचा तुकडा पुढच्या अक्षराच्या तुकड्यावर जरासा चढलेला असतो. काना, मात्रा, रफार हे पण वेगळे तुकडे. भरलेला काळा रंग आहे तोवर काही दिसत नाही. पण कुणी सगळं सिलेक्ट करून कंबाइन केलं, म्हणजे कंट्रोल एल, की जिथं जिथं दोन तुकडे एकमेकांवर चढलेत तिथं भोक पडतं. शिरोरेषेवर दर अक्षरागणिक बारीक पांढरी फट. आउटलाइन दिली तरी तेच, प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसते. त्यासाठी कंबाइन नाही, वेल्ड करायचं. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधला युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. वेल्ड झाल्यावर ‘बेळगाव’ हा शब्द एकाच सलग शिरोरेषेखाली एकसंध होतो, मग त्याला आउटलाइन द्या, सावली द्या, काय द्यायचं ते द्या. तपासायला व्ह्यूमध्ये जाऊन वायरफ्रेम लावा, रंग जातात आणि नुसत्या रेघा राहतात, शिरोरेषेत आडव्या दोन रेघांच्या मध्ये एकसुद्धा उभी रेघ दिसता कामा नये.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह पण आवरा. इंग्रजीत ट्रॅकिंग वाढवलं की रुबाबदार दिसतं, आपल्याकडं शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा होतो. गोल लोगोत वरच्या कमानीवर मंडळाचं नाव बसवताना पण हेच, टेक्स्ट पाथवर टाकलं की प्रत्येक अक्षर आपापल्या कोनात फिरतं आणि वरनं शिरोरेषा फाकते. त्यापेक्षा नाव सरळ टाइप करा, कर्व्ह करा, वेल्ड करा, आणि मग एनव्हलपनं पूर्ण शब्दाला वाक द्या, शिरोरेषा सलग वळते आणि छान दिसते.

आता अक्षराच्या पोटातल्या जागा. शाई जाळीतनं खाली उतरली की कापडावर थोडी पसरतेच. त्यामुळं बारीक पोकळ्या भरतात. येळ्ळूरच्या एका कबड्डी संघाचा छातीवरचा लोगो मला आठवतो, साडेतीन इंचाच्या गोलात खाली गावाचं नाव. ‘येळ्ळूर’ लिहून बघा, ळ ला जोडून परत ळ, चार गाठी शेजारी शेजारी, खाली दीर्घ उकार, आणि पाच मिलिमीटर उंचीत ते सगळं. फाइलमध्ये झूम करून बघितलं तर गाठींच्या पोटात ०.२ मिलिमीटर जागा होती. ती राहणारच नव्हती, चारी गाठींचे चार गोळे झाले असते. तिथं बोल्ड फॉन्ट काढून मुक्ता फॉन्टचं मीडियम वजन घेतलं, नाव सात मिलिमीटर केलं, आणि गाठी नोडनं ओढून जरा मोकळ्या केल्या. अक्षर वाचता आलं. माझा हिशोब असा आहे की नुसती रेघ छापायची असेल तर ती निदान एक पॉइंट, म्हणजे ०.३५ मिलिमीटर पाहिजे, आणि भरलेल्या रंगात कोरून सोडलेली रेघ असेल तर दोन पॉइंटच्या खाली जाऊ नका कारण तिला दोन्ही बाजूंनी शाई खाते. ब चा पोटातला तिरका दांडा, क्ष, ण, छ, अनुस्वार आणि शिरोरेषेमधली फट, एवढ्या जागा बघितल्या की बहुतेक काम झालं. स्थापनेचं वर्षपण ह्यातच येतं. बेळगावात सार्वजनिक गणपती झेंडा चौकात टिळकांनी १९०५ साली बसवला तेव्हापासूनची परंपरा, त्यामुळं जुन्या मंडळांना स्थापना साल टी-शर्टवर पाहिजेच असतं, आणि ते बिचारं सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक, भरलेल्या पट्टीत कोरून टाकलेलं असतं. त्याला जरा जागा द्या.

पाठीमागं स्पॉन्सरची नावं असतात तिथं आमच्याकडं तिन्ही लिप्या येतात, मराठी, कन्नड, इंग्रजी. कन्नड अक्षराला शिरोरेषा सलग नसते पण जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली बारीक होऊन बसतं, ते ओत्तक्षर मुख्य अक्षराच्या निम्म्यापेक्षा लहान. म्हणून मराठी आणि कन्नड एकाच पॉइंट साइझला ठेवलं तर कन्नडचं खालचं अक्षर आधी बुजतं. कन्नड ओळ थोडी मोठी ठेवा आणि दोन ओळींत अंतर जास्त सोडा. तिथंही नुडी किंवा बरहाचा जुना फॉन्ट असेल तर कर्व्ह करूनच पाठवा, आणि दुकानदाराला त्याचं नाव स्वतः वाचायला लावा, त्याच्याइतकं बारीक दुसरं कुणी वाचत नाही.

किल्ल्याचं रेखाचित्र पण खूप येतं आजकाल, राजहंसगड तर हमखास. तटबंदीचे दगड दाखवायला हेअरलाइन रेघा मारलेल्या असतात. हेअरलाइन म्हणजे प्रिंटर काढू शकेल तेवढी बारीक रेघ, ती पॉझिटिव्हवर दिसते आणि जाळीवर दिसत नाही. शिवाय कोरलमध्ये स्केल विथ ऑब्जेक्टवर टिक नसेल तर चित्र लहान-मोठं करताना रेघेची जाडी तेवढीच राहते, म्हणजे ए फोरवर सुरेख दिसणारा किल्ला छातीवर लहान केला की नुसता काळा गोळा. रेघा आधी ऑब्जेक्टमध्ये बदलून घ्या, कंट्रोल शिफ्ट क्यू, आणि लहान साइझसाठी दगड कमी करून वेगळंच चित्र काढा. कमी दगडांचा किल्ला पण राजहंसगडच दिसतो, बुरुजाची आणि उतरणीची रेघ बरोबर असली की झालं.

आता महाराजांचा चेहरा, काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या शाईत. शिवजयंतीला ह्याच्याशिवाय दुसरी ऑर्डर नसते म्हटलं तरी चालेल, आणि करायला मला सगळ्यात जास्त हेच आवडतं. इथं डोक्यात एक गोष्ट उलटी करायला लागते. आपण पांढरा छापतोय, काळा टी-शर्टचाच आहे. म्हणजे गालावरचा उजेड, नाकाची धार, जिरेटोपावरचे मोती, एवढंच छापायचं आणि दाढी, डोळ्यांची खोबण, मानेखालची सावली कापडावर सोडून द्यायची. पॉझिटिव्हवर मात्र जिथं शाई पाहिजे तिथं काळं लागतं, म्हणून चित्र निगेटिव्ह करायचं, फोटोशॉपमध्ये कंट्रोल आय. ते न करता आहे तसं चित्र जाळीवर गेलं तर दाढी पांढरी आणि कपाळ काळं येतं.

करड्या छटा आणायच्या तर हाफटोन करायला लागतो, म्हणजे छटेच्या जागी लहान-मोठे ठिपके. चित्र ग्रेस्केल करा, लेव्हल्समध्ये गडद भाग पूर्ण गडद करा म्हणजे मागं धूळ उडाल्यासारखे सुटे ठिपके येणार नाहीत. मग मधल्या छटा. काळ्यावर पांढरा छापताना ठिपके सुजतात आणि सावल्या भरून येतात, पॉझिटिव्हवरचा ५० टक्क्यांचा ठिपका कापडावर ६५-७० टक्क्यांचा दिसतो, म्हणून कर्व्ह्जमध्ये मधल्या छटा आधीच तेवढ्या दाबून ठेवा, म्हणजे उलटं करायच्या आधी चित्र स्क्रीनवर जरा जास्तच काळोखं वाटलं पाहिजे. त्यानंतर इन्व्हर्ट, आणि मोड बिटमॅप, हाफटोन स्क्रीन, आउटपुट ६०० किंवा १२००, फ्रीक्वेन्सी ४५, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या ४५ ओळी, अँगल २२.५. हे ४५ कुठनं आलं तर जाळीवरनं. एका ओळीला जाळीचे निदान चार-पाच धागे पाहिजेत, माझ्याकडं हाफटोनला इंचाला २३० धाग्यांची जाळी असते, सेंटीमीटरला ९०, तिला ४५ बरोबर बसतं. साध्या भरीव अक्षरांच्या जाड जाळीवर, म्हणजे इंचाला ११० वाल्या, एवढे बारीक ठिपके टिकतच नाहीत. आणि २२.५ चा तिरका कोन का, तर ठिपक्यांची रांग आणि जाळीचे धागे एका रेषेत आले की चेहऱ्यावर लहरी उमटतात, महाराजांच्या गालावर असली लहर बघवत नाही. कोरलमधनं थेट हाफटोनची प्रिंट मारायला पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर लागतो, साधा लेझर आपल्या मनानं ठिपके पाडतो, म्हणून मी फोटोशॉपमध्येच बिटमॅप करून मग कोरलमध्ये आणतो. आणल्यावर त्याला एक मिलिमीटरसुद्धा ओढायचं नाही. लहान-मोठं जे काय करायचं ते बिटमॅप करायच्या आधी.

ह्यात एक गोष्ट कुठल्या व्हिडिओत बघितली नाही म्हणून सांगतो. ४५ च्या हाफटोनमध्ये एका ठिपक्याचं घर साधारण ०.५६ मिलिमीटरचं असतं, त्यापेक्षा बारीक तपशील ठिपक्यात हरवतो. चेहऱ्यात नेमकं जीव आणणारं तेवढंच बारीक असतं, डोळ्यातली चमक, कानातल्या बाळीचा मोती, कपाळावरचं गंध. हे मी हाफटोनवर सोडत नाही, वरच्या लेयरवर पेन टूलनं भरीव आकार काढतो आणि त्याच्या भोवतीचे ठिपके थोडे पुसतो. दोन डोळ्यांतले दोन आकार, एवढंच, पण त्यानं चेहरा आपल्याकडं बघायला लागतो. हे करायला जाळी धुण्यापेक्षा, छापण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि तो द्यावा असं माझं ठाम मत आहे.

रंगीत कामाकडं येऊ. जितके रंग तितक्या जाळ्या, आणि प्रत्येक जाळीचा खर्च वेगळा, हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की तुमच्या डोळ्याला एक दिसणारा भगवा फाइलमध्ये तीन असतो. ध्वज एका जेपीजीवरनं घेतलेला, अक्षर कोरलच्या पॅलेटमधलं, आणि बॉर्डर आयड्रॉपरनं उचललेली, तिघांचे आकडे वेगळे, सेपरेशन केलं, म्हणजे रंग वेगळे केले, की एका भगव्याच्या तीन पाट्या, म्हणजे तीन पॉझिटिव्ह, बाहेर येतात. म्हणून फाइलमध्ये प्रत्येक रंग स्पॉट कलर म्हणून, म्हणजे स्वतंत्र शाईचा रंग म्हणून, एकदाच तयार करा, त्याला नाव द्या, आणि सगळीकडं तोच वापरा. ग्रेडियंट, ट्रान्सपरन्सी, ड्रॉप शॅडो काढून टाका, सावली पाहिजेच असेल तर भरीव सावली द्या, ती उलट जास्त ठसठशीत दिसते. आणि चूक झाकायला पांढरा बॉक्स टाकलेला असेल तर काळ्या टी-शर्टवर तो पांढऱ्या शाईत छापला जातो हे ध्यानात असू द्या, पार्श्वभूमी खरोखर रिकामी पाहिजे.

भगव्याबद्दल प्रत्येक मंडळ हळवं असतं आणि असावंच. मोबाइलवर जो झळझळीत भगवा दिसतो तो उजेडाचा आहे, शाईत तो तसाच येत नाही, आणि सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या चार रंगांत, केला तर विटकरीकडं झुकतो. मी शाई मिक्स करूनच छापतो. पॅन्टोन ह्या शाईच्या रंगांच्या यादीतला ऑरेंज ०२१ हा चांगला सुरुवातीचा धागा आहे, पण खरं सांगायचं तर मंडळाच्या ध्वजाचा कापडाचा तुकडा आणून दिलात तर त्याच्यासारखं काही नाही, त्याच्याशेजारी शाई ठेवून दिवसाच्या उजेडात मिळवता येते. गडद टी-शर्टवर भगव्याच्या खाली पांढऱ्याचा थर द्यावाच लागतो, नाहीतर काळ्यात तो मातकट होऊन बसतो. फाइलमध्ये हा पांढरा थर वेगळ्या लेयरवर भगव्यापेक्षा सगळ्या बाजूंनी ०.३ मिलिमीटर आत घ्या, म्हणजे कडेनं पांढरी किनार डोकावत नाही. उलट दोन रंग शेजारी शेजारी चिकटून येतात तिथं फिकट रंग गडद रंगाच्या खाली थोडा सरकवायचा, त्याला ट्रॅप म्हणतात. आमच्यासारखं टेबलावर हातानं छापणाऱ्याला अर्धा मिलिमीटर दिलात तरी चालेल, ऑटोमॅटिक मशीनवाल्याला कमी लागतं. ज्याच्याकडं छापणार त्याला विचारूनच ठेवा.

पॉझिटिव्हची प्रिंट तुम्हीच काढून आणणार असाल तर चार गोष्टी. काळा म्हणजे नुसता के, म्हणजे चार रंगांतला काळा, १०० टक्के ठेवा. ए थ्रीची रुंदी ११.७ इंच आहे, रजिस्ट्रेशन मार्क, म्हणजे सगळ्या पाट्या जुळवायच्या खुणा, धरून उभ्या कागदावर साधारण ११ इंचाचंच डिझाइन बसतं. मार्क चारी बाजूंना, सगळ्या रंगांच्या पाट्यांवर एकाच जागी, आणि कोपऱ्यात मंडळाचं नाव आणि रंगाचं नाव. लेझरमध्ये ट्रेसिंग पेपर तापतो आणि आकसतो, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तर कागद आधीच दमट झालेला असतो, म्हणून एका कामाच्या सगळ्या पाट्या एकाच प्रिंटरवर, एकाच वेळी, कागद एकाच दिशेनं घालून काढा, आज दोन आणि उद्या दोन असं केलंत तर मार्क जुळत नाहीत. काढल्यावर ट्यूबलाइटसमोर धरून बघा, काळ्यातनं उजेड झिरपत असेल तर टोनर कमी आहे, दुसरीकडं काढा. आणि मिरर करू नका. सब्लिमेशनवाल्याला, म्हणजे कागदावरचा रंग तापवून कापडावर उतरवणाऱ्याला, उलटी प्रिंट लागते म्हणून बरेच जण आम्हालाही उलटी आणून देतात, जाळीला सरळ लागते, टोनरची बाजू इमल्शनला चिकटली पाहिजे.

डीटीएफ, म्हणजे फिल्मवर प्रिंट काढून ती तापवून टी-शर्टवर चिकटवायची पद्धत, आल्यापासनं हे सगळं कशाला असं विचारतात. दहा-वीस टी-शर्ट असतील, पाच-सात रंग असतील तर डीटीएफच करा, मीच सांगतो. पण दोनशे टी-शर्ट आहेत, दोन रंग आहेत, मिरवणुकीत रात्रभर घामात भिजणार आहेत, तर कापडाच्या धाग्यात बसलेली शाई अंगाला हलकी लागते, आणि नीट तापवून पक्की केलेली असली की पुढच्या वर्षीपण तोच टी-शर्ट घालता येतो.

फाइल पूर्ण झाली की साध्या कागदावर १०० टक्के साइझला प्रिंट काढा, तुकडे चिकटवून घ्या, घरातल्या कुणाच्यातरी अंगाला कॉलरच्या खाली तीन बोटं सोडून लावा आणि दहा फुटांवरनं बघा. गावाचं नाव वाचता येत नसेल तर ते टी-शर्टवरही येणार नाही. मंडळातल्या एखाद्या जुन्या माणसाकडनं ऱ्हस्व-दीर्घ वाचून घ्या. मग सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, किंवा पीडीएफ, सोबत डिझाइन कसं दिसलं पाहिजे त्याचा एक जेपीजी, आणि एका ओळीत टी-शर्टचा रंग, छपाईची रुंदी इंचात, रंग किती आणि कुठले, नग किती, कधी पाहिजे, एवढं लिहून पाठवा. गणपतीत चतुर्थीच्या निदान आठवडाभर आधी पाठवा, पावसात इमल्शन वाळायला वेळ लागतो.